गेट काढायचं की ठेवायचं

वालचंद हिराचंदांच्या दोन गोष्टी सणसरच्या माणसाला जाता-येता भेटत. एक, इंदापूर तालुक्यातलंच वालचंदनगर, कळंबच्या माळावर साखर कारखान्याभोवती उभं राहिलेलं. दुसरी, त्यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट. १९६४ साली आलेली ‘अकराशे डिलाइट’ पुढे प्रेसिडेंट झाली, १९७४ मध्ये पद्मिनी झाली. इकडे मात्र ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्यावर मीटिंगला येणारे संचालक, बारामतीचे डॉक्टर, उसाचं बिल हातात पडल्यावर धीर केलेले बागायतदार, सगळ्यांच्या दारात तीच. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस रस्त्यावरून उतरली, त्या वेळी वर्तमानपत्रांनी बराच गहिवर काढला. आमच्या भागातल्या फियाट त्याच्या कितीतरी आधी कडब्याखाली गेल्या होत्या. त्यांच्यासाठी कुणी अग्रलेख लिहिला नाही.

अशीच एक कडब्याखालून निघालेली पद्मिनी सणसरच्या एका शेडमध्ये उभी आहे. इंजिन खाली उतरवलेलं. ब्लॉक बोअरिंगहून परत आला, हेडला फेस मारून झाला. आता राहिलं ते पाण्याचं काम : वॉटर बॉडी म्हणजे पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, होज पाइप, रेडिएटर आणि एक हीटर. या हीटरबद्दल पुढे. काम एकच आणि माणसं दोन. तात्यांनी उभं आयुष्य कारखान्याच्या रस्त्यावर गॅरेज चालवलं. त्यांची पुतणी मेकॅनिकल इंजिनिअर, बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला. सुटीच्या दिवशी ती येते आणि भांडण सुरू होतं. मी बाकड्यावर बसून ऐकतो, अधूनमधून पाना देतो.

भांडणाला तोंड फुटलं ब्लॉकमधल्या क्षारावरून. पाणी फिरण्याच्या पोकळीत पांढरा-तपकिरी थर इतका बसला होता, की मागच्या सिलिंडरजवळ बोट जाईना.

तात्या : ही सगळी बोअरच्या पाण्याची करणी. ड्रायव्हर हापशावर थांबायचा, डबा भरायचा, वतून मोकळा. पाणी उडून जायचं, खार तेवढा आत ऱ्हायचा.

पुतणी : मग तुम्ही काय घालायचा?

तात्या : कॅनॉलचं. फडक्यातनं गाळून.

हे उत्तर वरवर गावठी वाटेल, पण त्यामागे शंभर वर्षांचा अनुभव आहे. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या भागात आला. ऊस आला, पैसा आला आणि मागोमाग जमिनीत पाणी साठून क्षार वर आले. कालव्याकाठच्या चोपण जमिनी इंग्रजांच्या काळातच अभ्यासाचा विषय झाल्या होत्या. त्या मातीतून झिरपून आलेलं विहिरी-बोअरचं पाणी जड. कालव्यातलं धरणाचं पाणी त्या मानाने हलकं. जे पाणी रान खराब करतं ते इंजिनही खराब करतं, हे तात्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. फक्त कॅनॉलचं पाणी गढूळ असतं आणि फडक्यातून बारीक गाळ आरामात जातो, हे ते सांगत नाहीत.

पुतणी : हलकं म्हणजे शुद्ध नाही, तात्या. थर बसायला वेळ जास्त लागेल एवढंच. बॅटरीत घालतो ते पाणी घालू, त्यात क्षारच नसतो. आणि आताचा थर सायट्रिक ॲसिडने काढू.

तात्या : लिंबाचं फूल? कॉस्टिकमध्ये टाक रात्रभर.

पुतणी : कॉस्टिकने वंगण निघतं, हा थर नाही निघत. आणि हेड ॲल्युमिनियमचं आहे. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं.

तात्या : हेड कोण टाकतंय? ब्लॉक म्हणतोय मी. ब्लॉक बिडाचा हाय. मला अक्कल शिकवती का?

शेवटी दोन्ही झालं. आधी कॉस्टिकने तेलाचा राप काढला, मग सायट्रिकने क्षार. मधे आणि शेवटी ब्लॉक भरपूर पाण्याने धुतला. ब्लॉकच्या अंगाला पत्र्याच्या गोल वाट्या ठोकून बसवलेल्या असतात. त्या काढल्यावर आत तार घालून खरवडता येतं. जुन्या वाट्या आतून सडून कागदासारख्या झाल्या होत्या. अशा वाट्या तशाच ठेवून बाहेरून रंग मारणारे मिस्त्री मी पाहिलेत. तात्या त्यातले नाहीत.

हेड चढवताना फारसं वाजलं नाही. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. त्या दोघांच्या मधे गॅस्केट दाबून धरायचं, म्हणून नट मधून बाहेरच्या बाजूला, क्रमाने, तीन टप्प्यांत आवळायचे. पुतणीने टॉर्कचा पाना आणला होता. तात्यांनी आधी हाताने आवळून दाखवलं आणि मग तिने पाना लावून तपासलं. सहा नट बरोबर निघाले, बाकीचे थोडे जास्त. ‘जास्त आवळलं तर काय बिघडतं?’ असं तात्या म्हणाले खरे, पण सगळे ढिले करून पुन्हा पान्यानेच आवळले.

वॉटर बॉडीपाशी मात्र पाऊण तास गेला. पंपाच्या शाफ्टवर एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बेअरिंग आणि मधे सील. सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये अंगाला खाली एक बारीक भोक असतं. सील गेलं की पाणी तिथून टपकतं, म्हणजे बेअरिंगकडे न जाता बाहेर पडतं आणि मालकाला खबर मिळते. उतरवलेल्या बॉडीचं हे भोक कुणीतरी एम-सीलने बुजवलं होतं.

पुतणी : हे कुणी केलं?

तात्या : केलं असंल कुणीतरी. गिऱ्हाईक म्हणतं, मिस्त्री, गळतंय. गळती बंद झाली की खूश.

पुतणी : आणि बेअरिंगमध्ये पाणी जाऊन ते जाम झालं, पंखा हलून रेडिएटरमध्ये घुसला, तर?

तात्या : तवर गाडी दुसऱ्याच्या गॅरेजात आसंल.

हसू आलं तरी यातलं दुखणं खरं आहे. जुन्या गाडीच्या डागडुजीतल्या निम्म्या भानगडी अशाच झालेल्या असतात : खबर देणारी वाट बंद करायची आणि रोग बरा झाला म्हणायचं. या मुद्द्यावर तात्या पुतणीच्याच बाजूचे होते. बॉडी नवीन सील आणि बेअरिंग घालून भरली. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबल्यावर सेंटीमीटरभर दबेल इतकाच ताणला, कारण फार ताणलेला पट्टा तेच बेअरिंग खातो. कागदी गॅस्केटला शेलॅक बोटाने अगदी पातळ लावलं. जाड लावलं की आतल्या बाजूला त्याच्या गुठळ्या निघतात आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात.

मग आला थर्मोस्टॅट. म्हणजे आला नाहीच. हेडकडून रेडिएटरकडे पाणी जातं त्या वाटेवर त्याची जागा रिकामी होती.

पुतणी : हा काढला कुणी?

तात्या : मी. पंचाऐंशी-शहाऐंशीच्या उन्हाळ्यात. ह्याच गाडीचा. आणि एकट्या हिचाच नाय, इंदापूर ते बारामती जेवढ्या फियाट माझ्याकडं आल्या, तेवढ्यांचा काढून डब्यात टाकला.

पुतणी : का?

तात्या : का म्हणजे? इटलीच्या थंडीत इंजिन गरम करायला लावलेली वस्तू ती. इथं मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत काय गरम करायचंय? दार सताड उघडं ठेव, पाणी फिरू दे.

पुतणी : इंजिन थंड ठेवणं हे कूलिंगचं काम नाहीच मुळी, तात्या. एका तापमानाला ठेवणं हे काम आहे. पाणी ऐंशी-पंच्याऐंशीच्या आसपास असलं की पेट्रोलची नीट वाफ होते. त्याच्या खाली पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळतं, तेल धुऊन काढतं, खाली जाऊन तेल पातळ करतं. जळताना तयार झालेलं पाणी चेंबरमध्ये साठतं. तुम्ही उतरवलेल्या इंजिनांत तेलाच्या झाकणाखाली पांढरट-पिवळा चिकटा दिसायचा की नाही?

तात्या : दिसायचा. थंडीत जास्त.

पुतणी : तो त्याचाच. आणि मायलेज?

तात्या गप्प राहिले. मायलेजबद्दल गिऱ्हाइकांनी त्यांना काय काय ऐकवलं असेल, याची मला कल्पना आहे. पण त्यांची बाजूही पूर्ण मांडायला हवी, कारण ती पुस्तकात सापडत नाही. थर्मोस्टॅट आतल्या मेणावर चालतो. मेण तापून फुगलं की झडप उघडते. हे मेणाचं डबडं बिघडून झडप बंद अवस्थेत अडकली, की पाणी रेडिएटरपर्यंत पोचत नाही आणि काही मिनिटांत हेड वाकतं. बाजारात मिळणारे सुटे थर्मोस्टॅट नेहमीच भरवशाचे नसत. भिगवण रस्त्यावर रात्री अकराला गाडी उकळली, तर फेस मारायला हेड पुण्याला न्यायचं, आठवडा मोडायचा. त्यापुढे लिटरमागे एखादा किलोमीटर कमी पडला, तर कोण विचारतं? तात्यांनी काढला तो अडाणीपणाने नव्हे, हिशेब करून काढला. तो हिशेब त्या काळचा होता, एवढंच.

यात चहाच्या टपरीवरचं तिसरं मतही घुसलं. तिथे एकाचं म्हणणं, थर्मोस्टॅट काढला की पाणी इतकं जोरात पळतं की त्याला रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळच मिळत नाही. हे मत थर्मोस्टॅटच्या बाजूचं असूनही पुतणीने खोडून काढलं. पाणी जोरात फिरल्याने उष्णता कमी जात नाही. एका फेरीत कमी थंड झालं तरी फेऱ्या जास्त होतात. खरी अडचण बायपासची. थंड इंजिनात पाणी ब्लॉकमध्येच फिरावं म्हणून एक आडवाट ठेवलेली असते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना तीच आडवाट बंद करतो. तिथून तो काढला, तर आडवाट कायमची उघडी राहते आणि गरम पाण्यातला काही भाग रेडिएटरला न शिवता परत इंजिनात येतो. म्हणजे गाडी थंड राहील म्हणून थर्मोस्टॅट काढला आणि तो काढल्यामुळेच ती घाटात तापते. चुकीच्या कारणाने आपल्या बाजूला आलेला माणूसही तिला नको होता. मला हे आवडलं.

तात्या मात्र हलले ते वेगळ्याच गोष्टीने.

पुतणी : सणसर कटचं पाणी सुटतं तेव्हा गेट असतं ना?

तात्या : असतंच की.

पुतणी : काढून टाकू या गेट. पाणी सतत वाहू दे. कटकट मिटली.

तात्या : म्हणजे वरच्याच्या रानात तळं आन् शेवटच्याला ठणठण.

पुतणी : मग इंजिनातलं गेट तेवढं का काढायचं?

खडकवासल्याचं पाणी नीरा डाव्या कालव्यात आणणारा सणसर कट आणि त्याच्या आवर्तनावरून चालणारी इंदापूरची भांडणं ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या एका वाक्याचं वजन समजेल. तात्यांनी थोडा वेळ बिडी शोधली.

तात्या : गेट पाहिजे, मान्य. पण गेटावर पाटकरी असतो. गेट अडकलं तर तो पहार घेऊन येतो. तुझ्या ह्या मेणाच्या डबड्याचा पाटकरी कोण?

हा प्रश्न मला तिच्या प्रश्नाइतकाच बिनतोड वाटला. तिलाही वाटला असावा, कारण त्यानंतर ती पुस्तकातून बोलायची थांबली. तिने शेगडीवर पातेलं ठेवलं, नवा थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला, शेजारी थर्मामीटर. दोन्ही पातेल्याच्या बुडाला टेकता कामा नयेत, नाहीतर बुडाची उष्णता थेट लागते आणि आकडा खोटा येतो. पाणी ऐंशीच्या पुढे गेलं आणि झडप हळूच सरकायला लागली. ते बघून तात्यांनी दुसऱ्या दुकानातून आणलेलाही त्यात टाकायला लावला. तो नव्वद झाले तरी ढिम्म. तात्यांचा चेहरा असा खुलला, जणू खटला जिंकला. एका अर्थी जिंकलाच होता.

तात्या : बघ. हा बसवला असता तर?

पुतणी : म्हणून तर आधी उकळून बघायचा. तुमचा पाटकरी हे पातेलं. आणि शिवाय वेगळं टेंपरेचर मीटर बसवू.

तात्या : आणि भोक.

पुतणी : कसलं भोक?

तात्या : त्याच्या पत्र्याला तीन मिलिमीटरचं भोक पाडतो मी. वरच्या अंगाला. अडकला तरी थोडं पाणी जाईल, आणि भरताना हवा निघंल.

तिने हे ताबडतोब मान्य केलं, कारण बऱ्याच थर्मोस्टॅटना हवा निघायला कंपनीच असं भोक ठेवते, त्यात डुलणारी छोटी पिन असते. ‘पण अडकल्यावर तेवढ्या भोकाने इंजिन वाचणार नाही,’ असं तिने सुनावलं. ‘वाचणार नाय, पण रस्त्याकडंला थांबायला टाइम मिळंल,’ हे तात्यांचं उत्तर. दोघांचंही खरं.

रेडिएटरबाबत मी उघडपणे तात्यांच्या बाजूचा आहे. पुतणीच्या मनात ॲल्युमिनियमचा नवा रेडिएटर बसवायचं होतं. वजनाला हलका, नळ्या रुंद, दिसायला चकचकीत. जुना तांब्या-पितळेचा. तो उघडून नळ्यांतून सळई फिरवता येते, गळाला तर डाग देता येतो आणि डाग देणारा कारागीर बारामतीत अजून आहे. तांबं ॲल्युमिनियमपेक्षा उष्णता चांगली वाहून नेतं, हे काही कमी नाही. मूळ रेडिएटर या इंजिनाला पुरेसाच होता. तो कमी पडला तो क्षाराने आणि मातीने, जन्मतः नव्हे. समोरच्या बाजूने फिनमध्ये अडकलेलं पाचट आणि किडे धुऊन काढले तेव्हा पाण्याबरोबर मूठभर माती आली. पंख्याची पाती उलटी बसवलेली होती, तीही सुलटी केली. नुसत्या एवढ्याने किती फरक पडला असेल, ते इंजिन सुरू झाल्यावर हाताने वाऱ्याचा जोर पाहून कळलं.

मग कूलंट.

तात्या : सणसरला बर्फ पडतो का?

पुतणी : बर्फासाठी नाही, गंजासाठी. बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, पितळेचा रेडिएटर, आणि सगळ्यांतून एकच पाणी. साधं पाणी घातलं की यातलं ॲल्युमिनियम आधी झिजतं. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं ते थांबवतात. शिवाय उकळबिंदू वाढतो.

तात्या : उकळबिंदू टोपणानं वाढतो.

हेही बरोबर. इथे, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, साधं पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या थोडं वर उकळतं. अर्धा बार दाब धरणारं टोपण लावलं की तेच एकशेदहाच्या घरात जातं. टोपणाचं रबर कडक झालं असेल, तर बाकी सगळं नवीन घालूनही गाडी उकळणार. दुरुस्तीत सगळ्यात स्वस्त वस्तू हीच आणि बदलायची राहतेही हीच. कूलंटचा दुसरा पैलू जाहिरातीत येत नाही : निम्मं-निम्मं मिश्रण साध्या पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. थंड देशात गोठू नये म्हणून ते पत्करावं लागतं. इथे डब्यावर लिहिलेल्या कमीत कमी प्रमाणावर थांबावं, यावर दोघांचं एकमत झालं. जुनं कूलंट पाटात ओतायचं नाही, यावर तर लगेचच. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी. कुत्रं किंवा वासरू चाटून जाईल.

राहिला हीटर. ही गाडी कधीकाळी महाबळेश्वरकडच्या मालकाची होती. त्याने डॅशबोर्डखाली हीटर बसवून घेतला होता. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच : हेडमधून गरम पाणी येतं, नळ्यांतून फिरतं, मागचा पंखा त्यातून वारा सोडतो आणि पाणी पंपाकडे परत जातं. तात्यांचा निकाल ठरलेला होता. दोन्ही तोंडं बुजवा आणि हीटर भंगारात द्या.

पुतणी : तुम्ही हीटर चालू करून कधी घाट चढला नाहीत?

तात्या : चढलोय. खंबाटकीत. एका डॉक्टरची गाडी होती, उकळायला लागली. काचा खाली, हीटर फुल. डॉक्टरीणबाई मला शिव्या घालत होत्या, पण गाडी वर निघाली.

पुतणी : म्हणजे हा दुसरा रेडिएटर आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी बुजवायचा?

तात्या : ठाऊक हाय म्हणूनच. त्याची नळी फुटली तर उकळतं पाणी पायावर. इंजिन गेलं तर नवं भरता येतं.

यावर तिच्याकडे पुस्तकी उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं नसावंही. हीटर बाहेर काढून रेडिएटरवाल्याकडे नेला, दाबाची हवा भरून पाण्यात बुडवला. दोन ठिकाणी बुडबुडे आले, डाग दिला, पुन्हा बुडवला. नवे होज आणि स्क्रूच्या क्लिपा घातल्या, जुन्या तारेच्या नाहीत. इंजिनच्या बाजूला, बॉनेट उघडल्यावर हात पोचेल असा एक कॉक बसवला. एरवी बंद, गरजेला उघडा. पाणी भरताना मात्र तो उघडाच ठेवायचा, कारण हीटरमध्ये हवा अडकते. गाडीचं तोंड चढावर केलं, टोपण न लावता इंजिन सुरू केलं, बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत राहिलो. हीटरकडून परत येणारी नळी हाताला गरम लागली तेव्हा पुतणीने टोपण लावलं.

परीक्षा कुठे घ्यायची यावर शेवटचं भांडण झालं. तिचं म्हणणं, नव्या पालखी मार्गावर इंदापूरपर्यंत एका वेगाने जाऊन यायचं आणि मीटर बघायचं. तात्या म्हणाले, ऐंशीच्या वेगात समोरून वारा येतो, तिथे कुठलीही गाडी थंड राहते. खरी परीक्षा आषाढात, तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामाला येते त्या दिवशी, पहिल्या गियरमध्ये माणसांच्या मागे दोन तास. त्या दिवशी गाडी बाहेर काढायला पोलीस देणार नाहीत, हे तिने लक्षात आणून दिलं. मग भवानीनगरच्या रस्त्यावर, गाळपाच्या दिवसांत, उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेमागे, असं ठरलं.

तात्यांनी डिकीत पाण्याचा कॅन ठेवला. तिने झाकण काढून वास घेतला आणि विचारलं, ‘बोअरचं की बॅटरीचं?’